मोरचूद न घातलेली खळ

कसर मारणं अवघड नाही. बोटाखाली आली की संपते आणि बोटाला चंदेरी भुकटी लागते. अवघड आहे ते तिला गाठणं. दिवा लावला की ती पानाच्या घडीत शिरते, पान उलटलं की शिवणीत, आणि शिवण उसवून पाहण्याइतका कोणाला त्या कागदात रस नसतो. म्हणून ती जगते. मी कारकून आहे, तीस वर्षं कागद राखण्याचा पगार खातो आहे, तेव्हा कसरीबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं धरून चालतो.

आमचं घर बुलढाण्यात एका उताराच्या गल्लीत, तळमजल्यावर. मागची भिंत डोंगराच्या मातीला टेकलेली. गाव घाटावर असल्यामुळे पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात आणि घाटाखालून आलेले पाहुणे ‘काय मस्त हवा आहे’ म्हणून छाती भरून घेतात. हवा पाहुण्यांची, ओल आमची. आषाढात भिंतीला जो घाम फुटतो तो दिवाळीला वाळतो. घरमालकाला बोलावून दाखवलं, तर भिंतीवर तळवा ठेवून म्हणाला, “ओल कुठी हाय? थंडी हाय ते.”

त्या भिंतीला लागून एक लोखंडी खाट आहे आणि खाटेखाली माझी पत्र्याची पेटी. गेल्या पावसाळ्यात कसरीचा शोध बायकोला लागला तो कपाटातल्या सुती साडीवरून. खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवलेली साडी तिनं गणपतीला काढली, तर पदराला बारीक बारीक भोकं. मग तिनं घर उलटं केलं. विजेची बिलं, मागच्या सालची दिनदर्शिका, लग्नपत्रिका, देवाच्या तसबिरीमागचा पुठ्ठा, जिथं म्हणून खळ किंवा डिंक होता तिथं कसर जेवून गेली होती. शाई तिला आवडत नाही. तिला चिकटवलेलं आवडतं.

मग उपाय सुरू झाले. डांबरगोळ्या झाल्या. कडुनिंबाचा पाला झाला, तो वाळून त्याचाच कचरा झाला. वेखंड झालं, किड्यांचा खडू झाला. उन्हाची वाट पाहून झाली, पण आमच्या गल्लीत भादव्यात ऊन येतं ते हजेरी लावून जातं. शेवटी बायको कंबर कसून म्हणाली, “हे असं नाही भागायचं. कृषी केंद्रातून औषध आणा. त्या खाटेखालच्या पेटीतही मारते.”

औषध म्हटलं की दुसरीकडच्या माणसाला खोकल्याची बाटली आठवत असेल. आमच्याकडे औषध म्हणजे कपाशीवर फवारतात ते. विष म्हणायची आमच्यात पद्धत नाही. ‘औषध मारलं’ म्हणजे फवारलं. ‘औषध लागलं’ म्हणजे फवारताना अंगावर आलं, नाकातोंडात गेलं, बाधलं. आणि ‘औषध घेतलं’ म्हणजे माणसानं आपल्या हातानं पिऊन जीव दिला. दोन शब्दांत एवढंच अंतर आहे. लागलं आणि घेतलं. ते अंतर मी एकदा चुकलो आणि त्या चुकीवर अकरा वर्षं झाकण ठेवून बसलो. ते झाकण म्हणजे ती पत्र्याची पेटी.

“पेटीत काही नाही मारायचं,” मी म्हणालो.

“काय आहे त्यात एवढं?”

“जुने कागद.”

“मग तर आधी तिथंच मारायला पाहिजे,” बायको म्हणाली, आणि तिचं खरं होतं.

पेटीत माझ्या थोरल्या भावाची वही होती. दादा देऊळघाटला शेती करायचा. मी शिकून बुलढाण्यात कचेरीला चिकटलो, तो दहावीला अडकला आणि शेताला चिकटला. दोघांत भांडण कधी नव्हतं. सणाला मी गावी गेलो की तो मला शिकलेला म्हणून उंच पाटावर बसवायचा आणि मी बसायचो. बीटी कपाशीचं बियाणं आलं त्या दिवसांत मीच त्याला दोनशे पानी वही नेऊन दिली होती आणि साहेबी थाटात सांगितलं होतं, “पाकिटावरचं लेबल फेकू नको, वहीत चिकटव. बी उगवलं नाही तर तक्रारीला कागद लागतो. आणि फवारणी केली की त्याच दिवशी लिहून ठेव.”

मी सांगितलं ते त्यानं तंतोतंत पाळलं. मी सांगितलेलं कोणी एवढं पाळल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. वहिनी चुलीवर कणकेची खळ शिजवून द्यायची. दादा ओसरीत मांडी घालून लेबलं चिकटवायचा, वरून तांब्या ठेवून दाबायचा. शेतातून आला की आधी वही, मग हातपाय. वहिनी त्यावरून रोज करवादायची. “आधी हात तं धुवा! औषधाचे हात घेऊन लिवत बसता.” तो हसायचा आणि लिहायचा. औषधाचे डबे मात्र तो घरात आणू देत नसे. गोठ्याच्याही पलीकडे, बाभळीला टांगलेल्या डालीत, म्हणजे टोपलीत, त्यांची जागा. घरात विष नको, हा त्याचा नियम होता, आणि विष हा शब्द त्याच्याच तोंडून मी ऐकलेला आहे.

बीटी आलं तेव्हा बोंडअळी गेली म्हणून लोकांनी फवारणीचे पंप माळ्यावर टाकले होते. दोन-तीन हंगाम बरे गेले. मग मावा आला, तुडतुडे आले, पांढरी माशी आली, आणि ज्या अळीचं तेरावं घालून झालं होतं ती गुलाबी होऊन परत आली. पंप माळ्यावरून खाली उतरले. झाडंही आता माणसाच्या डोक्याबरोबर वाढायला लागली होती. आधी कपाशीवर औषध खाली वाकून मारायचे, आता ते समोरून तोंडावर यायचं. कृषी केंद्रवाला दोन औषधं एकत्र करायला सांगायचा, शेजारी त्यात तिसरं सुचवायचा. मी बुलढाण्यात बसून पेपरात हे वाचायचो आणि दादाला फोनवर म्हणायचो, “तोंडाला फडकं बांधत जा.” माझं कर्तव्य तिथं संपायचं.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी दुपारी कचेरीत मला शेजाऱ्याचा फोन आला. देऊळघाटहून तो ओरडत होता, मागे जीपचा आवाज होता. मला ऐकू आलं ते असं: “भाऊ... औषध... दवाखान्यात घेऊन येऊन राह्यलो, तू पोच!” औषधाच्या पुढचा शब्द फोनमध्ये तुटला. तो मी माझ्या पदरचा घातला.

पदरचा घालायला कारण लागत नाही. त्या वर्षात महिन्याआड कुठून ना कुठून तेच कानावर यायचं. दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर माझ्या डोक्यात सगळं जुळूनही आलं होतं. जीप आली. दादाला उचलून आत नेलं, अंगाला सगळीकडून तोच उग्र वास. प्यालेल्यालाही तोच वास येतो आणि भिजलेल्यालाही. तोंडाला फेस होता. दाराशी एकजण हातात रजिस्टर घेऊन उभा होता, त्यानं विचारलं, “काय झालं?” जीपमधून उतरलेली माय माझ्या मागे होती, तिच्या मागे वहिनी. मी म्हणालो, “औषध घेतलं त्यानं.”

“नाई हो, घेतलं नाई, फवारताना...” वहिनी मागून बोलली. पण रजिस्टरवाला पँट-शर्टातल्या माणसाचं लिहून मोकळा झाला होता. आणि मायनं माझं ऐकलं होतं.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शुद्धीवर आला नाही, त्यामुळे त्याला कोणी काही विचारू शकलं नाही.

पुढचं काम गावानं केलं. सकाळी त्या घरातून नवरा-बायकोच्या भांडणाचा आवाज गल्लीनं ऐकला होता. भांडण कशावरून झालं हे वहिनीनं ज्याला त्याला सांगितलं. वारा उलटा आहे, आज फवारायला जाऊ नका, यावरून ती भांडली होती. कोणाला पटलं नाही. वाऱ्यावरून बायको भांडते का कुठे? आणि शिकलेल्या धाकट्या भावानं स्वतः दवाखान्यात सांगितलं म्हणजे ते खोटं कसं असेल? मायनं तेराव्यानंतर वहिनीच्या हातचं पाणी घेणं सोडलं. मूलबाळ नव्हतं. चार महिन्यांनी वहिनीचा भाऊ जळगाव जामोदहून आला आणि तिला घेऊन गेला.

मी तिला देऊळघाटच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो होतो. गाडी दिसली तेव्हा तिनं पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, “भाऊजी, यातलं शेवटचं पान वाचा. आन् मायले वाचून दाखवा.” मी हो म्हणालो. गाडी सुटली.

मी ती वही उघडली नाही. लोक म्हणतील दुःखामुळे. दुःख होतंच, पण खरं कारण भीती होती. त्यात घेतल्याचं काही लिहिलेलं निघालं, तर ते मायला कोणत्या तोंडानं वाचून दाखवू? आणि घेतल्याचं नाही असं निघालं, तर मी कोण? दवाखान्याच्या दारात वहिनीचं आयुष्य एका शब्दानं मोडणारा माणूस. दोन्ही प्रश्नांवर मी एकच कारकुनी तोडगा काढला. प्रकरण पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं.

नंतर देऊळघाटचं शेत बटाईनं दिलं आणि मायला बुलढाण्याला आणलं. खोली एकच मोकळी होती, मागची, ओलीची. खाट एकच होती. शेवटची चार वर्षं माय त्या खाटेवर झोपली आणि तिच्या पाठीखाली वीतभर अंतरावर ती वही होती. माय उठता-बसता वहिनीचा उद्धार करायची. “त्या अवदसेनं माह्या लेकराले औषध घ्याले लावलं.” भाकरी मोडताना म्हणायची, आलेल्या-गेलेल्याला सांगायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. कधी म्हणायचो, “जाऊ दे न माय.” मला वाटायचं, यात माझा चांगुलपणा आहे.

दोन वर्षांपूर्वी माय गेली, त्याच खाटेवर. वहिनीला कळवायला पाहिजे असं मनात आलं होतं. कळवलं नाही.

तर बायको औषधाचं बोलली त्याच्या पुढच्या रविवारी मी पेटी उघडली. ती देवळात गेली होती. पेटीचं झाकण वर केलं तसा कुबट वास आला आणि वहीच्या पुठ्ठ्यावरून दोन कसरी झरझर आत पळाल्या. मी वही घेऊन बाहेर पायरीवर, असेल नसेल त्या उन्हात बसलो.

पहिलं पान उघडलं आणि समजलं. जिथं लेबल होतं तिथं आता जाळी होती. पाकिटावरचं चित्र, टपोऱ्या पांढऱ्या बोंडांचं, त्याची लक्तरं उरली होती. खळीला लागून वरचा कागद आणि खालचा कागद दोन्ही खाल्लेले. लेबल नसलेली पानं बऱ्यापैकी धड होती. दादाचं मोठं, शाळकरी अक्षर. पहिल्या वर्षी दोन फवारण्या. पुढे चार, पुढे सहा. औषधांची नावं त्याच्या उच्चाराप्रमाणे. मधेच कुठे ‘आज पाऊस, फवारणी वाया’. एके ठिकाणी ‘धाकटा आला होता. तोंडाला बांध म्हणाला. बांधतो तर श्वास कोंडतो.’ मला ते पान लवकर उलटता येईना.

लिहिलेल्या शेवटच्या पानाच्या पाठीमागे त्या हंगामाचं लेबल होतं. त्यामुळे कसर आरपार गेली होती. तारीख गेली होती. पहिल्या ओळीतलं ‘औषध’ एवढं शाबूत होतं आणि त्याच्या पुढे भोक. मी भोकातून बोट घालून पाहिलं, काय मिळणार होतं कोणास ठाऊक. अकरा वर्षांपूर्वी फोनवर तुटलेला शब्द इथंही तुटला होता. भोकाखाली मात्र होतं: ‘हिनं सकाळीच नाही म्हटलं होतं, ऐकलं नाही. सात पंप झाले. डोळ्यापुढे अंधारी. धुऱ्याकडच्या आठ ओळी उद्या.’ अक्षर ओळ सोडून खाली उतरत गेलेलं.

उद्या. जीव द्यायला निघालेला माणूस धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या आठ ओळी उद्यावर ठेवत नाही.

मी पायरीवर किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. रडलो वगैरे नाही, रडायचा मान माझा नव्हता. राग आला तो आधी कसरीचा आला, हे लिहायला शरम वाटते, पण खरं आहे. मी चप्पल काढून वहीतून पळणाऱ्या एकेक कसरीला पायरीवर चिरडत होतो. बायको देवळातून आली तेव्हा मी तेच करत होतो. ती म्हणाली, “आता सुचलं का तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी आमच्या कचेरीचे रजिस्टर बांधणाऱ्या चाचाकडे गेलो. म्हातारा माणूस, तीन पिढ्यांचा बाइंडिंगचा धंदा, कोर्टाच्या मागे खोपट्यात बसतो. त्यानं चष्मा वर करून एक पान उन्हाकडे धरलं, बोटानं भोकाच्या कडेचा कागद चोळला, नाकाला लावला.

“खळ कोणाच्या हातची हाय, साहेब?”

“घरची. कणकेची.”

“मोरचूद नाई टाकला त्यात.” तो म्हणाला. “खळीत चिमूटभर मोरचूद टाका लागते. निळा निळा असते तो, कास्तकार लोक फवारतात न झाडाले. मंग कसर तोंड नाई लावत. माह्या बापानं बांधलेली रजिस्टरं हायेत अजून, जशीच्या तशी.”

वहीतून निघालेली एक कसर मी अंगठ्यानं चिरडली. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दारी मोरचूद होता. दादाच्या बाभळीला टांगलेल्या डालीतही असेल. कपाशीवर त्यानं पंपांनी विष ओतलं, स्वतःच्या अंगावर झेललं, आणि कागदाच्या खळीत घालायची चिमूट तेवढी राहून गेली. कशी घालणार? खळ घरच्या चुलीवर, घरच्या पातेल्यात शिजायची. घरात विष नको.

“कसरीवर काय राग काढता, साहेब,” चाचा पानं सरळ करत म्हणाला. “तिच्यापुढं कोणी ताट वाढून ठेवलं, तं ते जेवनच. पण हे एका वर्षाचं काम नाई. लई दिवस बंद ठेवली वही तुमी. महिन्याकाठी एकदा उघडली असती न, तरी एवढी नसती खाल्ली. कसरीले उघड-झाक चालत नाई.”

गेलेलं परत येणार नाही, असलेलं धरून ठेवतो, असं सांगून त्यानं शेवटच्या पानाला मागून पातळ पारदर्शक कागद लावला. या वेळी खळीत मोरचूद होता, मी माझ्या डोळ्यानं निळसर खळ पाहिली.

जळगाव जामोदची गाडी धरली ती दिवाळी झाल्यावर, सोबत बायको नव्हती. राजूरचा घाट उतरला की हवा बदलते, अंगातला स्वेटर काढावा लागतो. नांदुऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंनी कपाशी. वेचणीला बाया लागलेल्या. गाडीत मी काय बोलायचं ते जुळवत होतो. कचेरीत मसुदा करतात तसा मनात मसुदा केला: आधी माफी, मग वही, मग मायचं.

वहिनी भावाच्या घराशेजारी एका खोलीत राहते, शिलाईचं काम करते. मी गेलो तेव्हा अंगणात मशीन काढून ब्लाऊजच्या बाह्या जोडत होती. केस पिकलेले. मला पाहून उठली, पदर सारखा केला, “या भाऊजी” म्हणाली, आणि लोट्यात पाणी आणून दिलं. पाणी हातात घेताना मला मायची आठवण झाली आणि मसुदा विसरलो.

“वहिनी, दवाखान्यात ते... घेतलं म्हणून... ते मी बोललो होतो.”

“मले माहीत हाय,” ती म्हणाली. “मी मागंच उभी होती.”

मी पिशवीतून वही काढली. तिनं हात पुढे केला नाही, म्हणून मीच शेवटचं पान उघडलं. म्हणालो, “मी आत्ता वाचलं. आता, इतक्या वर्षांनी. सगळं नाही राहिलं, कसर लागली. वाचू?”

ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. मी वाचायला लागलो. मला ते करायलाच पाहिजे असं वाटत होतं, निदान एकदा मोठ्यानं. “तारीख गेली आहे,” मी म्हणालो. “मग ‘औषध’ आहे. त्याच्यापुढचं खाल्लं.”

“मंगळवार,” वहिनी म्हणाली.

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, अंगणाच्या दाराकडे पाहत होती.

“मंगळवार. वारा उलटा. औषध सारखं अंगावर येऊन राह्यलं.” ती शाळेतली कविता म्हणावी तशी एका सुरात म्हणत होती. “हिनं सकाळीच नाही म्हटलं होतं, ऐकलं नाही. सात पंप झाले. डोळ्यापुढे अंधारी. धुऱ्याकडच्या आठ ओळी उद्या.”

मी पानावर बोट ठेवून तिच्या मागे मागे गेलो. उरलेला शब्द न् शब्द जुळत होता. भोकाच्या जागी तिचा आवाज होता.

“लिवत होते तवा मी बाजूले उभी होती,” ती म्हणाली. “हात धुवाले पाणी घेऊन.”

मग तिनं विचारलं, “माय कशी हाय?”

मी सांगितलं. दोन वर्षं झाली म्हणून सांगितलं. तिनं विचारलं नाही की कळवलं काऊन नाही. तिनं एवढंच विचारलं, “तिले वाचून दाखवलं होतं?”

“नाही.”

तिनं वही माझ्या मांडीवरून उचलली, मिटली, वरून हात फिरवला आणि परत माझ्याच मांडीवर ठेवली. मशीनखालची बाही सरळ केली. मी कसाबसा म्हणालो, “ही तुमच्याजवळ ठेवा, वहिनी. तुमची आहे. तुमच्यासाठीच आणली.”

“माह्यासाठी काऊन?” ती म्हणाली. “मले वाचता येते, भाऊजी. मायले येत नव्हतं.”